सकाळची भरती

फाटक पडलं आणि महापौरांची गाडी पुलाच्या तोंडाशी अडकली. जहाजाला वाट द्यायला समोरचा रस्ता मधोमध दुभंगला, त्याचे दोन्ही भाग हळूहळू वर चढले.

"आपलंच जहाज येतंय," शेजारी बसलेली त्यांची मुलगी म्हणाली. महापौर झाल्यावर त्यांनी जहाजांचा सगळा धंदा तिच्या हाती दिला होता.

"बघ. आपल्याला अडवायला आपणच लागतो."

ती हसली नाही. ती आज मुद्दाम त्यांच्याबरोबर निघाली होती. थोड्या वेळात महापालिकेची सभा होती आणि सभेपुढे एकच ठराव होता. सकाळी कामावर जायच्या वेळेत पूल उचलायचा नाही. नगरसेवक निम्मे इकडे, निम्मे तिकडे. महापौरांनी बाजूने मत दिलं तर ठराव मंजूर, नाही दिलं तर आपोआप बारगळणार.

"विरोध करा असं मी म्हणतच नाहीये, बाबा. घरचा धंदा आहे म्हणून मत देत नाही, एवढंच सांगा. लोक उलट वाहवा करतील."

"आणि ठराव पडेल."

"पडू दे की. सकाळची भरती हुकली तर जहाज रात्रीच्या भरतीपर्यंत बाहेर तिष्ठत राहणार. दोनदा असं झालं की माल पाठवणारे दुसरं बंदर धरतील. हे मी तुम्हाला सांगायचं?"

मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. महापौर दार उघडून खाली उतरले.

शेजारच्या टॅक्सीत एक म्हातारी बाई मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. तिचा मुलगा बाहेर उभा राहून पुलाकडे बघत होता.

"किती वेळ लागेल हो?" त्याने महापौरांना विचारलं. त्याने त्यांना ओळखलं नव्हतं.

"जहाज गेलं की लगेच. घाईत आहात?"

"आईचं डायलिसिस आहे. आपली वेळ टळली की मशीनवर दुसऱ्याला घेतात. मागच्या खेपेला तसंच झालं. दुसऱ्या दिवशी श्वास पुरेना तिला."

"अरे, त्यांना काय सांगतोस?" आतून आई म्हणाली. "ते बिचारे आपल्यासारखेच अडकलेत."

महापौर कठड्यापाशी गेले.

जहाज पुलाजवळ आलं होतं. कप्तानाला कठड्याशी उभे असलेले मालक दिसले आणि जहाजाचा वेग एकदम कमी झाला. कंपनीचा तसा रिवाजच होता. मालक काठावर दिसले की जहाज मंद करायचं, एक लांब भोंगा द्यायचा, आणि त्यांनी हात वर केला की पुढे निघायचं. हा रिवाज महापौरांनीच पाडला होता. तो त्यांना फार आवडायचा.

भोंगा झाला.

"आता हा का थांबला?" मागून एक स्कूटरवाला ओरडला.

"मालकाला मुजरा करतोय," कुणीतरी म्हणालं. "मालक पावले की पूल खाली येईल."

"मग पाव म्हणावं लवकर! इथे माझा पगार कापला जातोय."

महापौरांनी घाईने हात वर केला. जहाज पुढे सरकेना, म्हणून दुसराही केला. मग दोन्ही हात पुढे झटकत त्यांनी खूण केली, चला, निघा.

कप्तानाच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मालकांनी असं कधी केलं नव्हतं. मोठे साहेब आज भलतेच खुशीत आहेत, असं त्याला वाटलं. त्याने आणखी एक भोंगा दिला. खलाशी एकेक करून जहाजाच्या कठड्याशी आले आणि तेही दोन्ही हात हलवू लागले. जहाज जवळजवळ उभंच राहिलं.

"अरे, हे तर महापौर!" स्कूटरवाल्याने ओळखलं. "नाचतायत बघा!"

लोक हसले. टॅक्सीजवळचा मुलगा हसला नाही. त्याने एकदा महापौरांकडे पाहिलं, एकदा जहाजाकडे, आणि मान वळवून आईची उशी नीट करू लागला.

महापौरांचे हात खाली आले.

मुलगी गाडीतून उतरली होती. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. तिने कप्तानाला फोन लावला आणि एकच शब्द बोलली, "निघा." जहाजाने वेग घेतला. ते पुलापलीकडे गेलं आणि रस्त्याचे दोन्ही भाग खाली येऊन जुळले.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. महापौरांनी त्याला थांबवलं, टॅक्सीला आधी जाऊ दिलं, आणि मग ते आत बसले. गाडीने पूल ओलांडला.

"म्हणजे तुम्ही गप्प बसणार नाही तर," शेवटी मुलगी म्हणाली.

"नाही."

"बाबा, चार जहाजं आहेत आपली. चाळीस नाहीत."

"माहितीये. चारही मीच घेतलीत."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिचा फोन वाजला. कप्तान होता. त्याचा आवाज मोठा, गाडीत सगळ्यांना ऐकू आला. "ताई, मोठे साहेब आज फारच खूश दिसले. काही विशेष?"

तिने वडिलांकडे पाहिलं.

"खूश नव्हते, कप्तान," ती म्हणाली. "हाकलत होते तुम्हाला. आणि यापुढे सकाळी येऊ नका."