खोट्या चाळीचा उंबरा

हाही माणूस बूट घालूनच आत शिरला.

श्रेयाने कपाळाला हात लावला. दादरच्या ऑफिसात बसून ती एका व्हिडिओ गेमसाठी लालबागची चाळ उभी करत होती. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर चाळच. कठड्यावर लुगडं वाळतंय, दारात रांगोळी. तिची कसोटी एकच होती. घर खरं वाटलं, तर मराठी माणूस कुणी न सांगता उंबऱ्याशी चपला काढणार. पण छे! चाचणीला बोलावलेले सगळे आपले बुटांसकट थेट देवघरापर्यंत.

"अगं, ऑफिसच्या फरशीवर कोण बूट काढेल?" बाजूला बसणारी मनवा म्हणाली.

"काढायलाच हवेत. नाहीतर काय उपयोग?"

सोमवारी साहेबांना दाखवायचं होतं. त्यांना नाही पटलं, तर गेम बंद आणि सगळी टीम घरी. काय चुकतंय तेच श्रेयाला कळेना. तिने भिंती उजळल्या, पुन्हा मळवल्या. फोडणीचा आवाज घातला. डोक्याचा पार भुगा झाला.

शनिवारी ती हेडसेट घेऊन परळच्या टॉवरमधल्या घरी आली. सासरे पेपर वाचत बसले होते. लालबागची खोली सुटल्यापासून अप्पा इथेच असत. आल्या दिवसापासून टाच दुखते म्हणून घरातही चपला घालत. फरशी बोचू नये म्हणून श्रेयानेच मऊ जोड आणून दिले होते. दोन तर झिजलेसुद्धा.

"अप्पा, जरा बघता का? काय चुकलंय ते सांगा."

"माका काय कळतला त्यातला," म्हणत त्यांनी हेडसेट चढवला.

हॉलमध्येच ते हळूहळू चालू लागले. "कठडा बरोबर आहे. नळ मात्र डावीकडे हवा." मग थांबले. चपला काढल्या आणि पायानेच भिंतीकडे सरकवल्या.

श्रेयाला रडूच आलं. तिने लगेच मनवाला फोन लावला. "काढल्या गं! अप्पांनी चपला काढल्या. जमलं आपल्याला."

अप्पा अनवाणीच फिरत होते.

"अप्पा, बेताने हं. टाच दुखेल."

"घरात कसली दुखतेय," अप्पा हसून म्हणाले.

बऱ्याच वेळाने त्यांनी हेडसेट उतरवला. सोफा, टीव्ही, फोन हातात घेऊन उभी असलेली सून, सगळ्यांवरून नजर फिरवली. मग भिंतीशी गेले आणि चपला पुन्हा पायात घातल्या.