रोबोटचा झटका

मोटरच्या बेअरिंगमध्ये शाफ्ट अलगद बसवणारा नवा रोबोट म्हणजे आमच्या साहेबांचा जीव की प्राण. कुठे किती जोर लागतोय, हे त्याच्या हाताला कळतं. फिटरमामांनी त्याचा हात धरून काम शिकवलं, आणि तो ते अगदी तस्संच करतो.

फक्त शाफ्ट बसला रे बसला, की हात झटकन वर उडवतो.

"हे काय?" ऑर्डर द्यायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं.

"आतला ताण मोकळा करतोय," साहेबांनी ठोकून दिलं. "आमचं खास संशोधन!"

ऑर्डर मिळाली. पाहुणे गेल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, "मामा, हा झटका तुम्हाला सुचला तरी कसा?"



मामा पँट वर ओढत म्हणाले, "सुचतोय कसला साहेब, त्या दिवशी पट्टा घरी राहिला होता!"