वाटणीची भीती

हवाई दलात शिकणारी दोन्ही लेकरं सुट्टी संपवून निघाली, तशी हौसाबाईंनी दृष्ट काढायला मीठमिरच्या घेतल्या. दोघांचं भांडण चालूच होतं.

"तायडे, तुझं जुनं ट्रेनर विमान! गिरकी घेतली की पोटात गोळा," रणधीर म्हणाला. "आमचं नवं विमान डोक्याला तारा लावून त्यातली भीतीच पुसून टाकतं."

"गोळा आला म्हणूनच विमान वेळेत वर खेचलं मी," वैजयंता म्हणाली.

"गप बसा, दिवट्यांनो!" हौसाबाईंनी मीठमिरच्या दोघांवरून ओवाळून चुलीत टाकल्या. ठिणग्या उडाल्या. वैजयंता झटकन मागे सरकली. रणधीरच्या डोळ्याखाली ठिणगी चिकटली, तरी त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

हौसाबाईंनी पदरानं ती ठिणगी झटकली. "मेल्या, त्या विमानात पुन्हा बसू नको."

"का गं आई? त्यात काय भ्यायचं?" तो हसला.

हौसाबाईंनी पुन्हा मूठभर मीठमिरच्या घेतल्या. त्याच्या वाटणीचंही आता त्यांनाच भ्यायचं होतं.