मे महिन्यातली शाल

नागपुरातलं भर दुपारचं ऊन. प्राध्यापिका सुलभा धोटेंनी विद्यापीठातल्या आपल्या खोलीत रिवाजाप्रमाणे सरकारी अनुदान समितीच्या अध्यक्षांना शाल घातली आणि परत घ्यायला लगेच हात पुढे केला. मे महिन्यात शाल अंगावर ठेवतंय कोण? अध्यक्षांनी मात्र ती गच्च लपेटून घेतली.

“मॅडम, वीज वाचवणारा रंग म्हणून तुमच्या विद्यापीठाला एवढी वर्षं पैसे दिले. गुण काही दिसेना. यंदा अनुदान बंद,” ते कुडकुडत म्हणाले. “आणि आधी तो एसी बंद करा हो!”

सुलभाताईंचा जीव भांड्यात पडला.

“साहेब, इथे एसी नाहीच. भिंतींना आमचा रंग दिलाय.”

अध्यक्षांनी चारही भिंतींवर नजर फिरवली. समोरचं पन्हं बाजूला सारलं.

“मग चहा मागवा. मंजुरीवर सही करताना हात थरथरायला नको.”