धरणावरची गोष्ट

बोलून बोलून हेमांगी धायगुडेंचा घसा बसला होता. धरणाच्या नियंत्रण कक्षात त्या गोष्टकार होत्या. दोन पिढ्या सगळं गणित आणि विज्ञान गोष्टींतूनच शिकल्या होत्या. मुलांची गणिताची भीती पळाली होती, पण आता हेमांगीताईंसारखे मोजके जुने लोक सोडले तर नुसता आकडा कुणालाच कळेनासा झाला होता. म्हणून प्रत्येक आकड्याची गोष्ट करून सांगायला त्यांना इथे नेमलं होतं.

दुपारी पडद्यावरचा आकडा बघून त्या दचकल्या.

"बोडके, पाणी धोक्याच्या पातळीच्या दीड मीटर वर गेलंय. सगळे दरवाजे उघडा."

दरवाजांच्या कळांपाशी बसलेला बोडके अदबीनं हसला. "उघडतो ना मॅडम. पण म्हणजे नक्की काय झालंय?"

"दीड मीटर, बोडके!"

"हो, पण गोष्ट सांगा ना. त्याशिवाय हातच उचलत नाही."

हेमांगीताईंनी डोळे मिटले. बाहेर पाणी चढतच होतं. घोगऱ्या आवाजात त्या सांगू लागल्या, "एक होता हमाल. त्याच्या पाठीवर लोक पोती चढवत राहिले. आता त्याचे गुडघे थरथरताहेत, आणि त्याच्या पायाशी तुमच्या बहिणीचं घर आहे."

बोडकेचा चेहरा पांढराफटक पडला. "मग? पुढे काय झालं?"

"पुढचं तुमच्या हातात आहे. कळा दाबा."

त्यानं धडाधड कळा दाबल्या. दरवाजे करकरत वर गेले. थोड्या वेळानं तो डोळे पुसत म्हणाला, "फार छान गोष्ट होती, मॅडम."

हेमांगीताई पडद्याकडे वळल्या. तिथला आकडा हळूहळू उतरत होता, आणि तो वाचून हायसं वाटणारं त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं.