जैसे थे

जेसीबीचा पंजा धुऱ्याला लागायच्या आधीच दुर्गेश्वरी धुऱ्यावर जाऊन बसली.

धुरा म्हणजे तरी काय, हातभर रुंदीची मातीची पाळ. एका अंगाला तिची भाताची बांधी, परवाच रोपांचा रोवणा झालेली. दुसऱ्या अंगाला भासऱ्याचा नुसता चिखल. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, सेवकराम. त्याला धुरा फोडून ट्रॅक्टरला वाट काढायची होती. धुरा फुटला की तिचं पाणी उताराला लागणार आणि कोवळं धान उन्हात पडणार.

आज तालुक्याला, गोरेगावच्या कोर्टात या धुऱ्याची सुनावणी. मुलगी रुचि तिथं गेलेली. वकील मॅडमनी बजावलं होतं, "कोर्ट होणारं थांबवतं. झालेलं परत जागेवर आणायला वर्षं जातात. हुकूम निघेपर्यंत धुरा उभा ठेवा." सेवकरामलाही कोणीतरी हेच सांगितलं असणार. म्हणून तर तो सकाळीच जेसीबीत बसून आला.

"तिलक, त्याइले म्हन, उठा," तो ड्रायव्हरला म्हणाला. भासऱ्यानं भावसुनेशी बोलू नये, तिनं त्याच्यासमोर बसू नये. लग्न झाल्यापासून दोघांनी हे पाळलेलं.

"तिलकभाऊ, तुमच्या मालकाले सांगा, धुरा माह्या सासऱ्यानं बांधला. कायले फोडून राहिले म्हना."

"मी काय डाकवाला हाव का?" तिलक म्हणाला.

सेवकराम खाली उतरला. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. तो आला की ती उठतेच. ओसरीवरून उठते, विहिरीवरून उठते, एकदा तर भरल्या पंगतीतून उठली होती. तो धुऱ्यावरून चालत आला. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

आणि बसून राहिली.

हातभर अंतरावर तो थांबला. आणखी पुढं जायचं तर तिला धक्का लागला असता.

"लाजशरम विकली का म्हना!" तो आभाळाकडं बघून ओरडला. जेसीबी धडधडत होता.

फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"आई, स्टे भेटला! साहेबानं विचारलं, पाणी गेलं तं मंग भरून देता येत नाही का? मॅडम म्हणाल्या, पाणी देता येईल, मेलेला रोवणा नाही. पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे! कोनीच हात लावाचा नाही!"

"मालक, मले नाही अटकाचं तुमच्या भानगडीत," म्हणत तिलकनं जेसीबी मागं वळवला आणि निघूनही गेला.

शिवारात दोघंच उरली. गाव तिच्या पाठीमागं, आणि पायवाट धुऱ्यावरूनच. आणि आता मधे निरोप द्यायलाही कोणी नाही. सेवकराम खाकरला. चिखलात एक बगळा उभा होता.

"आता तं उठा म्हना," तो बगळ्याला म्हणाला.

"जैसे थे म्हंजे जैसे थे," पदरानंही बगळ्यालाच सांगितलं.

सेवकरामनं चपला हातात घेतल्या आणि तो आपल्या अंगाच्या चिखलात उतरला. गुडघाभर रुतत, तोंड फिरवून तिच्या बाजूनं गावाकडं निघाला.

तिनं धुऱ्यावरून त्याच्या अंगाला सोडलेले पाय वर ओढून घेतले. भासऱ्याला लागू नयेत म्हणून.