हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागताच ओवीताई दरवर्षीसारख्या वडिलांना घेऊन पेन्शन कार्यालयात आल्या. एकशे अठरा वर्षांचे निनादराव पेन्शनसोबत मिळणाऱ्या सरकारी इंजेक्शनांमुळे ताठ चालत होते. चौऱ्याऐंशीच्या ओवीताई काठी टेकत होत्या. त्यांना परत शाळेत जाऊन खिचडीची पातेली घासायची होती, कारण एका घरात एकच पेन्शन असा नियम होता.

"बाबा, अंगठा ठेवा."

निनादरावांनी मूठ आवळली. "यंदा नको. दाखला नाही दिला, की माझी बंद होऊन तुझी सुरू होईल."

"आणि इंजेक्शन? ते बंद झालं तर महिनाही निघायचा नाही."

"साठ वर्षं बसून खातोय गं मी. आता तू बस."

ओवीताईंनी वडिलांची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि अंगठा यंत्रावर दाबून धरला. हिरवा दिवा लागला.

"आता साक्षीदाराचा," कारकून म्हणाला.

ओवीताईंनी स्वतःचा अंगठा ठेवला. मग पदराला पुसून पुन्हा ठेवला. दिवा लागेना.

"आजी," कारकून हळूच म्हणाला, "तुमच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत."